आपलं चर्च नेमकं कोणत्या सालचं? वसईतल्या एका धर्मग्रामाचा इतिहास लिहिताना

चर्चच्या इतिहासाचं काम बहुधा एखाद्या महोत्सवाच्या निमित्ताने निघतं. समिती बसते, स्मरणिका काढायचं ठरतं आणि पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो: आपलं चर्च कधीचं? वसईच्या पट्ट्यात याला सहसा एक उत्तर मिळत नाही. दर्शनी भिंतीवर एक साल, घंटेवर दुसरं, आधीच्या स्मरणिकेत तिसरं, आणि जुन्या माणसांच्या तोंडी नुसतंच ‘पोर्तुगीजांच्या काळातलं’. आम्ही आमच्या धर्मग्रामाचा (एका चर्चच्या हद्दीतल्या गावा-वाड्यांचा) इतिहास लिहायला घेतला तेव्हा यातलं खरं कुठलं हे ठरवायच्या फंदात आधी पडलोच नाही. कारण ही सालं एकमेकांना खोटी पाडतातच असं नाही. बहुतेक वेळा प्रत्येक साल वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर असतं.

म्हणून आधी प्रश्न सुटे केले. गावात मिशनकार्य कधी सुरू झालं? पहिलं कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, कधी उभं राहिलं? स्वतंत्र धर्मग्राम म्हणून मान्यता कधी मिळाली? आज दिसते ती इमारत कधीची? तिचा अभिषेक, म्हणजे बिशपांनी तेल लावून केलेला विधी, झाला की नुसता आशीर्वाद, आणि केव्हा? मोठी दुरुस्ती कधी झाली? वहीत सहा रकाने आखले. मिळेल ते साल, ते कुठे मिळालं त्या नोंदीसकट, यांपैकी एकाच रकान्यात टाकायचं. कुठेच बसत नसेल तर बाजूला ठेवायचं. एवढा एक नियम पाळला की निम्मे वाद आपोआप मिटतात.

वसई किल्ल्यातलं सेंट जोसेफ चर्च या बाबतीत चांगला धडा देतं. हे शहराचं मुख्य चर्च, मात्रीझ. तिथल्या पोर्तुगीज शिलालेखात १६०१ हे साल आहे. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस आणि व्हिकर पेद्रो गाल्व्हाँ परेरा यांची नावं आहेत. घाईत वाचणारा चर्च १६०१चं म्हणून मोकळा होतो. पण लेख आधीपासून असलेल्या चर्चच्या नूतनीकरणाचा आहे. मूळ वास्तू त्याच्या अर्धशतक आधीची. आपल्या गावच्या चर्चवरचं साल वाचतानाही सालाच्या आधी कोणतं क्रियापद आहे ते पाहायचं. ‘बांधलं’, ‘वाढवलं’, ‘दुरुस्त केलं’ आणि ‘आशीर्वाद दिला’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नुसतं साल असेल तर यांपैकी काहीही असू शकतं.

आता दप्तर. कॅथलिक चर्चचा इतिहास लिहिणाऱ्याचं नशीब एका बाबतीत चांगलं असतं: नोंदी ठेवणं हा इथे धर्माचाच नियम आहे. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली लग्न आणि स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) वह्या ठेवायला सांगितलं. १६१४च्या रोमन विधिग्रंथाने पाच वह्या ठरवून दिल्या: स्नानसंस्कार, दृढीकरण, लग्न, मृत्यू आणि ‘आत्म्यांची स्थिती’, म्हणजे घराघरातल्या माणसांची यादी. ही पाचवी वही वसईत क्वचितच टिकलेली सापडते, पण सापडली तर सोनं; एका घरात कोण कोण होतं, कोणाचं वय काय, हे एका ठिकाणी मिळतं. सध्याच्या कॅनन कायद्यातल्या, म्हणजे चर्चच्या स्वतःच्या कायद्यातल्या, ५३५व्या कलमानुसार स्नानसंस्कार, लग्न आणि मृत्यू या वह्या सक्तीच्या आहेत, आणि जुन्या वह्या जपून ठेवण्याची जबाबदारीही त्याच कलमात आहे.

दप्तर पाहण्यासाठी तोंडी विचारून भागत नाही. प्रमुख धर्मगुरूंना लेखी अर्ज द्यायचा, त्यात कोणत्या वह्या, कोणत्या सालापर्यंतच्या आणि कशासाठी हे स्पष्ट लिहायचं, आणि त्याची प्रत बिशप हाउसच्या कचेरीला द्यायची. अलीकडच्या वह्या मागूच नयेत. त्यांत दत्तक मुलांच्या, बाप अज्ञात असलेल्या मुलांच्या, रद्द ठरलेल्या लग्नांच्या नोंदी असतात आणि त्यांतली माणसं किंवा त्यांची मुलं गावात वावरत असतात. आम्ही अगदी जुन्या वह्यांतल्याही अशा नोंदींतलं नाव कुठे उतरवून घेतलं नाही. इतिहासाला त्याची गरज पडत नाही.

वही हातात आली की पहिलं पान आणि शेवटचं पान आधी. पोर्तुगीज वळणाच्या वहीत सुरुवातीला उघडण्याची नोंद असते, ‘तेर्मो द आबेर्तुरा’: ही वही कशासाठी, तिला किती पानं आहेत, प्रत्येक पानावर कोणाची सही आहे. शेवटी बंद करण्याची नोंद. यावरून पानं गहाळ आहेत का हे मोजता येतं. इथे पान म्हणजे फोलिओ, दोन्ही बाजू मिळून एक आकडा. संदर्भ लिहिताना पुढची बाजू की मागची हे लिहायलाच हवं, नाहीतर पुढच्या माणसाला नोंद सापडत नाही.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे भेटीच्या नोंदी. आर्चबिशप किंवा त्यांचा प्रतिनिधी पाहणीला आला की वही तपासून ‘व्हिस्तु एं व्हिझिता’, भेटीत पाहिली, असं लिहून तारीख आणि सही करत असे. या दोन-तीन ओळींचं मोल फार. त्या दिवशी हे धर्मग्राम कोणाच्या अधिकाराखाली होतं याचा तो थेट पुरावा असतो, आणि उत्तर कोकणात हा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे ते पुढे येईलच.

सर्वांत जुनी टिकलेली वही ज्या सालापासून सुरू होते ते चर्चचं साल नव्हे, हे समितीला वारंवार सांगावं लागतं. आधीच्या वह्या वाळवीने खाल्ल्या असतील, पावसात गेल्या असतील, किंवा मुळात दुसऱ्याच चर्चमध्ये असतील. एका धर्मग्रामातून दुसरं वेगळं निघालं की जुन्या वह्या मूळ चर्चकडेच राहतात. त्यामुळे आपल्या गावच्या आधीच्या पिढ्यांचे स्नानसंस्कार शोधायला आईकडे जावं लागतं, म्हणजे ज्या चर्चच्या हद्दीत गाव आधी होतं तिथे. नोंदीत गावाचं, वाडीचं नाव असतंच, म्हणून आम्ही नावांपेक्षा आधी वाड्या टिपल्या. एखादी वाडी एका सालानंतर वहीतून एकदम नाहीशी झाली की समजायचं, ती नव्या धर्मग्रामात गेली.

वाचनाचं म्हणाल तर पोर्तुगीज भाषा यायलाच हवी असं नाही. नोंदी साच्यातल्या असतात: अमुक महिन्याच्या अमुक दिवशी, या चर्चमध्ये, मी अमुक, अमक्याच्या औरस मुलाला स्नानसंस्कार दिला, तेल लावलं, धर्मपिता अमुक, धर्ममाता अमुक, सही. साचा कळला की साधारण वीस-पंचवीस शब्दांत वही उलगडते. घोळ होतो तो संक्षेपांत. आन्तोनियु, फ्रान्सिश्कु, मारिया ही नावं पूर्ण लिहिलेली सहसा नसतातच. दोन-तीन अक्षरं आणि वर एक बारीक अक्षर. आणि महिन्यांत एक सापळा हमखास. सातचा आकडा आणि पुढे ‘ब्रु’ असं लिहिलं असेल तर तो जुलै नाही, सप्टेंबर आहे. आठ म्हणजे ऑक्टोबर, नऊ म्हणजे नोव्हेंबर, दहा किंवा रोमन दहा म्हणजे डिसेंबर. लॅटिन आकड्यांवरून पडलेली ही जुनी नावं आहेत. हे माहीत नसलेल्याने उतरवलेल्या यादीत सप्टेंबरमधली मुलं जुलैत जन्मतात.

लॅटिनमधल्या छापील रकान्यांच्या वह्या नंतरच्या. त्या वाचायला सोप्या, पण त्यांच्या समासाकडे दुर्लक्ष होतं. १९०७च्या ‘ने तेमेरे’ या हुकुमाने, १९०८च्या ईस्टरपासून, लग्नाची नोंद दोघांच्या स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी करणं बंधनकारक झालं. म्हणजे त्यानंतरच्या समासात माणूस पुढे कुठल्या गावी, कुठल्या चर्चमध्ये लग्न करून गेला हे मिळतं. गावातून मुंबईकडे कोण, कधी सरकलं याचा माग काढायला दुसरं इतकं चांगलं साधन आम्हाला मिळालं नाही.

धर्मगुरूंची यादीही वह्यांवरूनच करावी. चर्चमधल्या संगमरवरी फलकावर अवलंबून राहू नये, आणि वहीतली प्रत्येक सही म्हणजे प्रमुख धर्मगुरू असंही धरू नये. सहीखाली काय पदनाम आहे ते पाहायचं. ‘एन्कोमेन्दादु’ असेल तर तो तात्पुरता कारभारी. ‘कोआज्युतोर’ असेल तर सहायक. लॅटिन नोंदीत ‘धर्मगुरूंच्या परवानगीने’ अशा अर्थाचे शब्द असतील तर सही पाहुण्याची, बहुधा मुलाच्या नात्यातल्या फादरची. अनेक फलकांवर हे पाहुणे मानाने विराजमान झालेले असतात.

मृत्यूच्या वहीत वर्षवार आकडे काढून आलेख केला की काही साली उभी काठी दिसते. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, १९१८ साली इन्फ्लुएन्झा. आसपासच्या गावांत काय झालं ते वहीच सांगते. त्या काळातल्या नोंदींत शेवटचे संस्कार मिळाले की नाही हा रकाना पाहावा. ‘संस्कारांविना’ असे शेरे सलग येऊ लागले तर मरण झपाट्याने येत होतं किंवा धर्मगुरू घरोघर पोचू शकत नव्हते. स्नानसंस्कारांच्या आकड्यावरून लोकसंख्येचा ढोबळ अंदाजही करता येतो. जुन्या काळात हजारी ४०च्या आसपास जन्म धरले तर वर्षाचे स्नानसंस्कार गुणिले २५. साठ स्नानसंस्कार म्हणजे दीड हजारांच्या आसपास माणसं. एका वर्षाचा आकडा घेऊ नये, पाच वर्षांची सरासरी घ्यावी.

हिशेबाची वही मात्र कोणी मागत नाही, म्हणून ती माळ्यावर असते. इमारतीचा इतिहास तिच्यातच आहे. जमा आणि खर्च, रुपये, आणे, पै. १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा हे लक्षात ठेवून बेरजा तपासाव्यात. चुना, लाकूड, गवंडी, कौलं, रंग यांचा खर्च ज्या साली एकदम फुगतो ते बांधकामाचं किंवा दुरुस्तीचं साल. त्या वर्षी सणाच्या खर्चात कपात असेल तर आणखी खात्री.

या वह्या हाताळताना काय करू नये हे आधी ठरवून घ्यावं. जुनी शाई लोहयुक्त असते. ती कागद आतून जाळते, आणि दमट हवेत अक्षर पडून जाळी होते. अशा पानाला लॅमिनेशन किंवा चिकटपट्टी लावणं म्हणजे त्याचा शेवट. ऊन दाखवू नये, ड्रायर लावू नये. वही पूर्ण सपाट उघडू नये. दोन्ही बाजूंना घडी घातलेल्या चादरीचा आधार देऊन जेवढी सहज उघडेल तेवढीच उघडावी. शाईचं पेन टेबलावरच नको, पेन्सिल वापरावी. सपाट स्कॅनरवर वही उलटी दाबली की शिवण तुटते, म्हणून वरून फोटो काढावेत: कॅमेरा स्टँडवर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे, फ्लॅश बंद, आणि प्रत्येक फोटोत कडेला वहीचा क्रमांक व पान लिहिलेली चिठ्ठी. फाइलला नाव देताना साल आधी टाकायचा मोह होतो. त्याऐवजी वही, पान, बाजू असा क्रम ठेवावा. साल वाचण्यात चूक होऊ शकते, पानाच्या क्रमांकात सहसा होत नाही.

चर्चमधल्या जमिनीवरच्या कबरींचे दगड वाचायला दुपारचा उजेड उपयोगाचा नाही. सकाळी तिरपं ऊन येतं तेव्हा, नाहीतर अंधारात टॉर्च जवळजवळ जमिनीला टेकवून एका बाजूने मारावा. झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली येते आणि लेख उठून दिसतो. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नये, तारेचा ब्रश आणि ॲसिड तर नाहीच. साधं पाणी आणि मऊ कुंचला पुरतो. ‘आकी जाझ’ म्हणजे इथे विसावला आहे. ‘सेपुल्तुरा’ आणि पुढे ‘वारसांची’ असं असेल तर कुटुंबाची राखीव कबर. अशा दगडावरचं साल पहिल्या माणसाच्या मरणाचं किंवा दगड घडवल्याचं असतं. शिवाय दगड हलतात. किल्ल्यातली चर्च ओस पडल्यावर तिथला चिरा, चौकट, कमान बाहेर गेली नाही असं समजायचं कारण नाही. दगड भिंतीत नीट सांध्यात बसलाय की कुठल्या तरी मापाचा तुकडा चिणलाय, हे गवंडी एका नजरेत सांगतो. त्याला बरोबर न्यावं.

घंटेवरचं साल घंटा ओतल्याचं. बस, तेवढंच. मराठ्यांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज घंटा देवळांत गेल्या; नाशिकचं नारोशंकर मंदिर, भीमाशंकर, वाईजवळचं मेणवली इथे त्या आजही आहेत. घंटा किती लांब जाऊ शकते याचा एवढा धडधडीत पुरावा जवळ असताना आपल्या घंटेवरून आपल्या चर्चचं वय काढणं बरं नव्हे. मंगलोरी कौलांवरही असाच चकवा असतो. बाझल मिशनच्या कौलावर १८६५ छापलेलं असतं, ते कारखाना सुरू झाल्याचं साल. कौल पन्नास वर्षांनंतरचंही असू शकतं. त्यावरून एकच गोष्ट पक्की म्हणता येते: हे छप्पर त्याच्या आधीचं नाही.

ही ‘त्याच्या आधीचं नाही’ पद्धत मूर्ती आणि वेदींनाही लावता येते. लुर्डमातेची गुहा १८५८च्या आधीची असणार नाही, फातिमामाता १९१७च्या आधीची नाही, लिझ्यूच्या संत तेरेजाच्या नावाची वेदी १९२५च्या पुढचीच. वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झाले, संत म्हणून घोषित झाले ते १८६२ साली; त्यांच्या नावापुढे ‘संत’ लावलेला फलक त्यानंतरचा. उलट मूर्ती इमारतीहून जुनी असणं हे वसईत अगदी साधं आहे. लाकडी मूर्ती उचलून नेता येते.

अभिषेक झाला होता का, हे भिंती सांगतात. जुन्या विधीत बिशप आतल्या भिंतींवर बारा ठिकाणी तेल लावत आणि तिथे क्रूस कोरलेले किंवा रंगवलेले असत, खाली मेणबत्तीचा आधार. रंगाच्या थरांखाली ते दडलेले असतात. हात फिरवला की उंचवटा लागतो. अभिषेकाचा दस्त दोन प्रतींत करायचा नियम आहे, एक धर्मप्रांताच्या कचेरीत आणि एक चर्चच्या दप्तरात. चर्चची प्रत हरवली असेल तरी दुसरी मागता येते. वेदीचा भाग पाहताना लक्षात ठेवायचं की दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, मागची उंच वेदी आणि पुढचा कठडा अनेक ठिकाणी काढला गेला. त्याआधीचे लग्नाचे फोटो घराघरांतून मागवले तर जुनी वेदी त्यांत मागे उभी दिसते. नवरानवरीकडे बघायचं नाही, मागे बघायचं.

इथपर्यंत सगळं चर्चच्या आवारात होतं. बाहेरचे कागद शोधायचे तर आधी हे ठरवावं लागतं की कुठल्या काळात आपलं चर्च कोणाच्या हाताखाली होतं, कारण कागद त्या अधिकाऱ्याच्या दप्तरात जातो. २३ डिसेंबर १५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली आणि मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. पोर्तुगीज काळात गोव्याचे आर्चबिशप वर, आणि खाली गावोगाव फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन या धर्मगुरूंच्या संघांपैकी कोणीतरी. कोणत्या संघाकडे आपलं गाव होतं हे कळलं की शोध निम्म्यावर येतो. जेझुइटांची वार्षिक पत्रं रोममध्ये आहेत, पण गाव फ्रान्सिस्कनांकडे असेल तर ती चाळून हाती काही लागायचं नाही. १७३९ नंतर गोव्याहून येणारे धर्मगुरू ही चर्च सांभाळत राहिले. मराठी अमलात चर्चेस बंद झाली, हा समज वह्याच खोडून काढतात.

एकोणिसाव्या शतकात पाद्रुआदु आणि प्रोपागांडा, म्हणजे पोर्तुगालच्या राजाश्रयाखालचे आणि थेट रोमचे, असे दोन पक्ष पडले. १८३८ साली पोप सोळावे ग्रेगरी यांच्या हुकुमाने वाद पेटला, १८५७ आणि १८८६ अशा दोन करारांनी तो कसाबसा आवरला. त्या काळात उत्तर कोकणात एकाच गावात दोन गट, दोन धर्मगुरू, कधी दोन चर्चही झाली. वहीत अचानक स्नानसंस्कार निम्म्यावर आले तर साथ आली किंवा लोक गाव सोडून गेले असं लिहायच्या आधी शेजारच्या चर्चची त्याच वर्षांची वही पाहावी. बरीचशी मुलं तिथे सापडतात. १८८६ ते १९२८ वसईची धर्मग्रामं दमणच्या धर्मप्रांतात होती. १९२८ साली ती मुंबईच्या आर्चडायोसिसकडे आली. २२ मे १९९८ रोजी वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. म्हणून १८८६ आधीच्या नेमणुका गोव्यात, पुढच्या काही दमणच्या कागदांत, नंतरच्या मुंबईच्या आर्चबिशप हाउसमध्ये आणि अलीकडच्या वसईच्या बिशप हाउसमध्ये शोधाव्या लागतात. एकाच ठिकाणी अर्ज करून ‘काही नाही’ असं उत्तर आलं म्हणून थांबू नये.

बातम्यांसाठी मुंबईचं ‘एक्झामिनर’ साप्ताहिक १८५० पासूनचं आहे, पण त्यात पाद्रुआदुच्या चर्चबद्दल कमी आणि कडवट येतं. दुसरी बाजू ‘ओ आंग्लो-लुझितानु’ या मुंबईच्याच पोर्तुगीज पत्रात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धासाठी वसईचं ‘सुवार्ता’ मासिक. जुने अंक धर्मगुरूंच्या घरापेक्षा वर्गणीदारांच्या माळ्यावर जास्त सापडतात.

गॅझेटियरबद्दल थोडं सविस्तर, कारण प्रत्येक स्मरणिका त्यावरच उभी असते. ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियर १८८२चा, कॅम्पबेल यांनी संपादित केलेला. त्यातला चौदावा खंड गावागावांच्या स्थळांवर आहे आणि चर्चेसची माहितीही देतो. पण वसईच्या पोर्तुगीज अवशेषांबद्दल त्याचा मोठा आधार गर्सन द कुन्हा यांचं १८७६चं चौल-वसईवरचं पुस्तक आहे. म्हणजे ‘द कुन्हाही म्हणतात आणि गॅझेटियरही म्हणतो’ हे दोन पुरावे नव्हेत. तो एकच पुरावा दोनदा छापलेला आहे. तिसरा म्हणून जी जुनी स्मरणिका दाखवली जाते तिनेही बहुधा गॅझेटियरच उतरवलेला असतो. प्रत्येक वाक्य कोणी कोणाकडून घेतलं याची साखळी मागे मागे नेली की टोकाला एकच खिळा सापडतो. मात्र १८८२च्या सुमाराला चर्च कोणत्या अवस्थेत होतं, छप्पर होतं की नव्हतं, असं जे त्या काळच्या पाहणीतून आलंय, ते घ्यावं.

मराठी कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात, मोडीत. त्यातल्या निवडक कागदांचे जे खंड सरदेसायांनी छापले त्यांत वसई मोहिमेवर स्वतंत्र खंड आहे, देवनागरीत. तारखा सुहूर सनात असतात: ‘तिसा सलासीन मया व अलफ’ म्हणजे ९, ३०, १०० आणि १०००, एकूण ११३९. हे वर्ष मृगापासून सुरू होतं. जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मे ६००. त्यामुळे ११३९ मधला वैशाख १७३९च्या मे महिन्याच्या आसपास येतो. इंग्रजांचे कागद त्या काळी जुन्या पंचांगाने चालत, पोर्तुगीजांपेक्षा ११ दिवस मागे. वसई पडल्याच्या दोन तारखा पुस्तकांत दिसतात त्या यामुळे. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कोणती कुठल्या पंचांगाची हे लिहावं. इंग्रजांनी १७५२ साली पंचांग बदललं, त्यानंतर हा घोळ नाही.

जमिनीसाठी सातबारा आणि फेरफार. फेरफाराची साखळी मागे नेली की चर्चची जागा कोणाच्या नावे होती ते कळतं. इनाम असेल तर १८५२च्या इनाम चौकशीचे कागद पाहावेत. धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंद असेल तर परिशिष्ट एकचा उतारा मागावा, पण त्यातल्या स्थापनेच्या सालाला पुरावा मानू नये. नोंदणीच्या वेळी विश्वस्तांनी जे सांगितलं तेच तिथे असतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, त्यामुळे जुना कागद ठाण्यालाच असण्याची शक्यता जास्त.

आठवणी घ्याव्यात, पण त्या दोन-तीन पिढ्यांच्या पलीकडे जात नाहीत. साल विचारू नये. ‘तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का’, ‘तेव्हा मिस्सा (चर्चमधली उपासना) लॅटिनमध्ये होती का मराठीत’ असं विचारलं की काळ आपसूक ठरतो, आणि लग्नाची तारीख वहीत पाहता येते.

लिहिताना प्रत्येक विधानाला खूण केली: कागदावरचं, दगडावरचं, छापील पण दुसऱ्याच्या आधारावरचं, ऐकीव. स्मरणिकेतही ही खूण छापली. जुनं साल हवं असलेल्यांना हे आवडत नाही. चारशेवा महोत्सव करायचा असेल तर चारशे वर्षं कुठून तरी यावीच लागतात. त्यावर तोड म्हणून दाराजवळच्या फलकावर एकच साल न देता सहा रकान्यांतली जेवढी पक्की होती तेवढी सालं, प्रत्येकासमोर कशाचं ते लिहून, ओळीने दिली. ज्याचा कागद नाही पण अस्तित्वाचा पुरावा आहे तिथे ‘या सालापूर्वी’ असे शब्द वापरले. फोटोंच्या तीन प्रती केल्या: एक धर्मग्रामात, एक बिशप हाउसमध्ये, एक गावाबाहेर. सोबत संक्षेपांची यादी, वाड्यांच्या जुन्या-नव्या नावांचा तक्ता आणि कोणती वही किती पानांची व कुठली पानं नाहीत याचा कागद जोडला. हा शेवटचा कागद छापील प्रतीतही हवा, कारण डिस्क दहा वर्षांनी उघडेलच असं नाही.